अंतर ३८ किलोमीटर, विमानाला १५ मिनिटं, आणि आम्ही पोचलो रात्री

धाकटीला मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता की किर्केनेसवरनं तुझं वादसो किती लांब गं, तर ती म्हणाली, "ताई, कशानं येणार त्यावर आहे." तेव्हा मला वाटलं ती उगाच कोड्यात बोलतीये. आता तो सगळा प्रवास करून आल्यावर मलाही कुणी विचारलं तर मी हेच उत्तर देईन, म्हणून म्हटलं सगळं नीट लिहून ठेवावं, कारण इकडे ओस्लोतसुद्धा बऱ्याच आपल्या लोकांना उत्तरेकडच्या या गावांचा अंदाज नसतो आणि नकाशावर बघून प्लॅन केला की फसायला होतं.

आधी ठिकाण सांगते. नॉर्वेचा नकाशा डोळ्यासमोर आणा, लांबच लांब देश, तो वरती जाऊन उजवीकडे वळतो आणि फिनलंडच्या डोक्यावरनं जाऊन रशियाला टेकतो, त्या टेकण्याच्या जागी किर्केनेस. तिथल्या पाट्या नॉर्वेजियनबरोबर रशियनमध्येही आहेत. गाव इतकं पूर्वेला आहे की इस्तंबूलसुद्धा त्याच्या पश्चिमेला पडतं, पण घड्याळ मात्र ओस्लोचंच. आणि किर्केनेसच्या बरोब्बर उत्तरेला, मध्ये वारांगेरफ्योर्ड नावाची समुद्राची भली मोठी जीभ आत घुसलीये, तिच्या पलीकडच्या काठावर वादसो. धाकटी आणि तिचा नवरा दीड वर्षापूर्वी तिथे गेले, त्याचं काम नकाशांचं. धाकटीला मार्चच्या मध्याची तारीख दिलेली, आई जानेवारीत गावाहून माझ्याकडे आली, आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी आईला तिच्याकडे पोचवायला निघाले. एवढीच गोष्ट आहे.

किर्केनेसचा उच्चार आधी सांगून टाकते कारण आमच्या घरात त्याच्यावरून सगळा प्रवास ओळखला जातो. स्पेलिंग क नी सुरू होतं पण तिथली माणसं जे म्हणतात ते आपल्या कानाला जवळजवळ 'शिर्केनेस' ऐकू येतं. आईनं ते एकदा ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे शिर्क्यांचं गाव." तेव्हापासून ते आमच्याकडे शिर्क्यांचं गावच आहे.

तर अंतर. धाकटीच्या नवऱ्यानं मला ते साध्या हिशोबानं समजावलं आणि ते मला फार आवडलं. किर्केनेसचा विमानतळ साधारण ६९.७३ अंश उत्तरेला आणि वादसोचा ७०.०७ अंशावर. रेखांश जवळजवळ तोच, २९.८ च्या आसपास, म्हणजे एकाच्या थेट डोक्यावर दुसरा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे पृथ्वीवर कुठेही साधारण १११ किलोमीटर, तर इथला फरक ०.३४ अंश, गुणाकार केला की ३८ किलोमीटर. बस. रेखांशाचं मात्र तसं नाही, तो म्हणाला, विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंशही १११ किलोमीटरच असतो, मुंबईला येईपर्यंत तो १०५ होतो आणि ७० अंश उत्तरेला पोचला की आवळून ३८ वर येतो, कारण सगळ्या रेषा ध्रुवाकडे एकत्र येत जातात. म्हणून भिंतीवरच्या नकाशात हा भाग उगाच रुंद आणि पसरलेला दिसतो आणि आपल्याला वाटतं बापरे केवढं लांब, तर आडवं अंतर खरं त्यापेक्षा कितीतरी कमी असतं. ओस्लो ते किर्केनेस पण असंच, मी उगाच चार-पाच तासांची तयारी करत होते, प्रत्यक्षात हवाई अंतर साधारण १,३७० किलोमीटर आणि विमानाला दोन तास लागतात.

पुढचं तिकीट होतं किर्केनेस ते वादसो, निघायची आणि पोचायची वेळ यात फक्त १५ मिनिटं. मी आईला दाखवलं, ती म्हणाली आपल्या वेलदूरवरनं दाभोळला जायला पण एवढाच वेळ लागतो की गं.

हे जरा सांगायला पाहिजे. आमचं घर गुहागर तालुक्यात वेलदूरला आणि आईचं माहेर दाभोळ, म्हणजे वाशिष्ठीच्या खाडीच्या या काठाला सासर आणि त्या काठाला माहेर. आमच्या अंगणाच्या खाली उतरलं की पलीकडचं दाभोळ दिसतं, संध्याकाळी दिवे दिसतात. पण रस्त्यानं जायचं म्हटलं तर खाडीच्या आत आत जाऊन चिपळूणला वळसा घालून परत तेवढंच बाहेर यायचं, शंभराच्या वर किलोमीटर होतात. म्हणून तिथे सगळे तरीनं, म्हणजे होडीनं, जातात, आता धोपाव्याहून गाड्या नेणारी मोठी फेरीबोट आहे, आईच्या लग्नाच्या वेळी ती नव्हती. तर वारांगेरफ्योर्ड ही माझ्या डोक्यात खाडीच आहे, फक्त तिची लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास आणि मुखाशी ती अशी पसरलेली की समुद्रच वाटावा. आणि तिच्या अगदी आतल्या टोकाला जे गाव आहे, वारांगेरबोटन, त्याच्या नावातच 'बोटन' म्हणजे खाडीचं आतलं टोक. तिथल्या मूळ रहिवाशांच्या सामी भाषेतल्या नावाचाही, वुओन्नाबाह्ता, अर्थ तोच. म्हणजे आमचं चिपळूण.

आम्ही किर्केनेसला उतरलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. विमानतळ गावापासून चौदा-पंधरा किलोमीटर पश्चिमेला, होयबुक्तमोएन नावाच्या माळावर, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बांधलेला. बाहेर लख्ख ऊन, निळं आकाश, उणे तेरा. आई काचेजवळ उभी राहून म्हणाली एवढं स्वच्छ ऊन तर आपल्याकडे पण नसतं. आमच्याकडे दोन बॅगा, त्यातली एक पूर्ण लाडवांची. डिंक, खारीक आणि अळीव तेवढं आईनं गावाहून आणलेलं, लाडू माझ्या ओस्लोच्या किचनमध्ये वळलेले, डिंकाचे वेगळे, अळिवाचे वेगळे, मेथीचे वेगळे, आणि प्रत्येक डब्यावर तिनं चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं.

पुढचं विमान दोनच्या सुमारास होतं. आधी बोर्डवर वेळ चाळीस मिनिटं पुढे गेली. मग थोड्या वेळानं वेळ जाऊन तिथे 'इन्स्टिल्ट' आलं, म्हणजे रद्द. मला कळेना, कारण खिडकीतनं बाहेर बघितलं तर अजूनही ऊन होतं, झेंडा सुद्धा फारसा हलत नव्हता. मी धाकटीला फोन लावला तर ती म्हणाली, "ताई, इथे मला समोरचं घर दिसत नाहीये." ३८ किलोमीटर. तिकडे उत्तरेकडनं बॅरेंट्स समुद्रावरनं बर्फाच्या सरी एकामागून एक येत होत्या आणि त्या थेट वादसोच्या किनाऱ्यावर आपटत होत्या, खाडीच्या या बाजूला आम्ही डोंगरांच्या आड होतो.

यात कुणाचा दोष नव्हता हे मला नंतर नीट समजलं. वादसोची धावपट्टी एक किलोमीटरच्या आतबाहेरची, किर्केनेसची त्याच्या दुपटीहून मोठी. १९७० च्या दशकात नॉर्वेनं या उत्तरेकडच्या छोट्या गावांना असे छोट्या धावपट्टीचे विमानतळ बांधून दिले, सुरुवातीला तिथे ट्विन ऑटर विमानं यायची, आता ३९ सीटची डॅश-८, दोन पंखेवाली. एवढ्या आखूड पट्टीवर बर्फ पडत असेल, वारा आडवा असेल, आणि खालचं दिसत नसेल तर पायलटनं उतरू नये हेच बरोबर आहे. आणि हे मार्ग नफ्यावर चालतच नाहीत, सरकार टेंडर काढतं आणि पैसे देऊन उड्डाणं चालू ठेवतं. विमान पण एका ठिकाणी जाऊन परत येत नाही, आपल्या एसटीसारखं ते वादसो, मग वार्दो, मग बोत्सफ्योर्ड, बेर्लेवोग, मेहाम्न असं किनाऱ्यानं थांबे घेत जातं, माणसं उतरतात, चढतात, टपाल उतरतं. एका ठिकाणी हवा बिघडली की पुढची सगळी साखळी हलते. तिथल्या लोकांकडे यासाठी एक शब्दच आहे, 'वेरफास्त', म्हणजे हवेमुळे अडकलेला. धाकटीनं तो पहिल्याच महिन्यात शिकला. ऑफिसात कुणी नाही आलं की एवढा एक शब्द पुरतो, पुढे कुणी काही विचारत नाही.

तासाभरात काऊंटरवरच्या बाईंनी आम्हा नऊ जणांना गोळा केलं आणि सांगितलं मिनीबस येतीये, रस्त्यानं सोडतील. आम्ही दोघी सोडून कुणाच्याही चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. एक शाळकरी मुलगा दात बघायला आलेला, त्यानं हेडफोन काढलेच नाहीत. एक आजोबा हॉस्पिटलात तपासणीला आलेले. एक बाई हातात फक्त केकचा खोका घेऊन. ते सगळे उठले, जॅकेटच्या चेनी वर ओढल्या आणि दाराकडे गेले.

ड्रायव्हरला मी विचारलं किती अंतर, तो म्हणाला 'सुत्तेन मील'. आईला सुत्तेन कळलं नाही पण मील कळलं, मी तिला सतरा म्हणून सांगितलं तर तिचा जीव भांड्यात पडला, म्हणाली सतराच मैल, मग काय, तासाभरात पोचू. मला तिला सांगावं लागलं की इथला मील म्हणजे आपला मैल नाही, यांचा एक मील म्हणजे दहा किलोमीटर. सगळा देश असंच बोलतो. सतरा मील म्हणजे १७० किलोमीटर, चांगला रस्ता असेल तर अडीच तास. ती गप्प बसली, मग लाडवांची बॅग मागे डिकीत नको म्हणून पायाशी घेतली.

तीन वाजता निघालो आणि निघता निघता सूर्य मावळला. फेब्रुवारीत तिथे दिवस साडेसात-पावणेआठ तासांचा झालेला असतो, पण गाव इतकं पूर्वेला आणि घड्याळ ओस्लोचं, त्यामुळे उजाडतं लवकर आणि तीनच्या सुमाराला संपतं. पहिला तासभर काही त्रास नव्हता. निळसर उजेड, दोन्ही बाजूला बुटके बर्च, नाइडनच्या नदीवरचा पूल, पुढे एका वळणावर रेनडिअरचा कळप रस्त्यातच उभा, ड्रायव्हर हॉर्न न वाजवता थांबला आणि ते जाईपर्यंत थांबूनच राहिला. आईनं एवढं जवळून ते जनावर पहिल्यांदा बघितलं, म्हणाली डोळे अगदी आपल्या पाडसासारखे आहेत.

मग रस्ता खाडीच्या काठाला लागला आणि सगळं बदललं. वारा बाजूनं यायला लागला आणि बर्फ वरनं पडण्याऐवजी जमिनीवरनं सरपटत रस्ता ओलांडायला लागला, हेडलाइटमध्ये नुसती पांढरी नदी वाहतीये असं वाटत होतं, रस्त्याची कड दिसायची बंद झाली. कडेला ठराविक अंतरावर उंच काठ्या खोचलेल्या असतात आणि वर चमकणारी पट्टी असते, ड्रायव्हर एका काठीवरनं पुढची काठी शोधत चालला होता. स्पीड तीसवर आला. कुणी बोलत नव्हतं. आजोबा झोपले होते आणि ते झोपलेत हे बघून मला जरा बरं वाटत होतं.

आणि त्या अंधारात आईनं तिची गोष्ट काढली. मी ती लहानपणापासून अर्धी अर्धी ऐकलेली, पूर्ण कधीच नाही. माझ्या वेळेला ती पहिलटकरीण, बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणजे खाडी ओलांडून समोर, दिसतंय ते दाभोळ. पण आजोबा न्यायला यायचे त्याच आठवड्यात पाऊस असा लागला की तर बंद. आषाढ होता. तिला समोरचा काठ दिसत होता, आजोबा त्या काठावर येऊन उभे राहिलेत असा निरोप पण पोचला होता, आणि मध्ये ते लालभडक पाणी. चार दिवस वाट बघितली, मग बाबा तिला एसटीनं चिपळूणला घेऊन गेले, तिथनं दुसरी गाडी, मग तिसरी, सकाळी निघालेली ती दिवेलागणीला दाभोळला पोचली. "घरातनं निघताना जे देऊळ समोर दिसत होतं ना," ती म्हणाली, "त्याच देवळासमोर मला संध्याकाळी उतरवलं." आणि मग म्हणाली, हिचं पण तसंच झालं तर, मध्येच कळा यायला लागल्या तर.

कारण धाकटीचं बाळंतपण होणार होतं ते किर्केनेसच्या हॉस्पिटलातच. वादसो जिल्ह्याचं मुख्य ठिकाण असलं तरी बाळंतपणाची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल खाडीच्या या बाजूला. म्हणजे आम्ही उलट्या दिशेनं जो रस्ता चाललो होतो तोच रस्ता तिला यायला. किर्केनेसला हवाई रुग्णवाहिकेचा तळ आहे, पण पट्टी बंद असेल तर ते विमान पण तिथे उतरू शकत नाही. त्या क्षणापर्यंत मी १५ मिनिटांच्या विमानाकडे आमच्या सोयीची गोष्ट म्हणून बघत होते. त्या मिनीबसमध्ये मला पहिल्यांदा कळलं की लोक त्यासाठी एवढं का भांडतात, उड्डाणं कमी करायची भाषा निघाली की तिकडचे लोक एवढे का चिडतात. मला हे मनापासून वाटतं की अशा मार्गाचा खर्च प्रवाशांच्या आकड्यानं मोजूच नये.

वारांगेरबोटनला पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. पेट्रोल पंप, कॉफी, टॉयलेट. ड्रायव्हर म्हणाला आता फक्त पाच मील. आमच्या चिपळूणला वळसा पूर्ण झाला होता, आता खाडीच्या दुसऱ्या काठानं परत बाहेर. तो शेवटचा टप्पा नेसेबीवरनं पाण्याच्या अगदी कडेनं जातो, उन्हाळ्यात पक्षी बघणारे लोक जगभरातनं इथे येतात म्हणे, आम्हाला काठ्या सोडून काहीही दिसलं नाही. सात वाजून दहा मिनिटांनी धाकटीच्या दारात. दोनच्या विमानानं सव्वादोनला पोचणार होतो. ती पोट सांभाळत बर्फात बाहेर येऊन उभी होती आणि आईनं मिठी मारायच्या आधी तिला ओरडून आत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सगळं निवळलं. संध्याकाळी धाकटीनं आईला खिडकीशी नेलं आणि पाण्यापलीकडे दिव्यांचा एक छोटा पुंजका दाखवला, "ते बुगोयनेस." खाडीच्या दक्षिण काठावरचं कोळ्यांचं गाव, सरळ मोजलं तर बाराएक किलोमीटर, रस्त्यानं जायचं तर शंभराहून जास्त. १९४४ साली जर्मन सैन्यानं माघार घेताना फिनमार्क म्हणजे या उत्तरेकडच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं जाळली, हे जळलं नाही, त्यामुळे तिथे जुनी लाकडी घरं अजून उभी आहेत. १९८९ मध्ये मासळीचा कारखाना बंद पडल्यावर त्या गावानं पेपरात जाहिरात दिली होती की आमच्या अख्ख्या गावाला कुठेतरी एकत्र राहायला जागा द्या. गेले नाहीत शेवटी, आता तिथे किंग क्रॅबवर धंदा चालतो, मोठाले खेकडे, ते पण मूळचे इथले नाहीत, १९६० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात सोडले आणि ते चालत चालत इकडे आले. आई खेकड्यांचं ऐकत नव्हती, ती दिव्यांकडे बघत होती. म्हणाली, अगदी दाभोळ.

वादसोत मी आठवडाभर होते. एक दिवस पूल ओलांडून समोरच्या वादसोया बेटावर गेले, तिथे बर्फात एकटा उभा असलेला लोखंडी मनोरा आहे. १९२६ साली 'नोर्गे' हे हवाई जहाज, म्हणजे विमान नव्हे, गॅस भरलेला प्रचंड फुगा, उत्तर ध्रुवाकडे जाताना इथे बांधून ठेवलं होतं. इटलीचा नोबिले ते चालवत होता, रोमहून निघून लेनिनग्राडवरनं इथे, आणि इथनं स्वालबार्डच्या न्यू-ओलेसुंदला. तिथनं मोहिमेचे पुढारी आमुन्सेन आणि एल्सवर्थ चढले आणि १२ मे ला ते ध्रुवावरनं गेले. दोन वर्षांनी नोबिलेचं 'इटालिया' पण इथेच बांधलं होतं, ते ध्रुवावर जाऊन परत येताना पडलं. मी मनोऱ्याला हात लावला, ग्लोव्ह्जमधनं पण गार लागलं. ध्रुवाकडे जाणारी माणसंसुद्धा याच गावात हवा कशी आहे ते विचारत थांबली असतील, हे माझ्या डोक्यातनं जाईना.

परतीच्या दिवशी विमान वेळेवर होतं. उणे अठरा, वारा शून्य. घरातनं विमानतळ दहा मिनिटं, आम्ही पाऊण तास आधी गेलो. इथे मी मुद्दाम घड्याळ लावलं होतं. चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत अकरा मिनिटं. बाकीची चार धावपट्टीवर जाण्यायेण्यात. तसं बघायला गेलं तर हे विमान पूर्ण वेगात ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं, त्या हिशोबानं ३८ किलोमीटरला पाच मिनिटं पण लागू नयेत, पण ते पूर्ण वेगात येतच नाही, चढणं संपतंय तोवर उतरणं सुरू. शिवाय दोन्हीकडच्या धावपट्ट्या काही उत्तर-दक्षिण नाहीत आणि जायचंय सरळ दक्षिणेला, त्यामुळे उडून एक वळण घ्यायचं आणि उतरताना पट्टीच्या रेषेत येण्यासाठी दुसरं, त्यातच बरंचसं अंतर वाढतं. या भागात २०१७ पासून रशियाच्या बाजूनं जीपीएसमध्ये सारखे अडथळे येतात, तिथल्या पायलटना जमिनीवरच्या जुन्या रेडिओ यंत्रणांवर विमान उतरवायची सवयच ठेवावी लागते.

आणि मधोमध असताना मी जे बघितलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. खाली सगळ्या खाडीतनं वाफ निघत होती. समुद्र तिथे गोठत नाही, अटलांटिकमधनं कोमट पाणी येतं, आणि हवा उणे अठरा, त्यामुळे पाणी असं धुमसत असतं जसं चुलीवर हंडा ठेवलाय. त्या वाफेवर तिरकं गुलाबी ऊन. उजव्या खिडकीतनं खाडी आत आत जाताना दिसत होती, अगदी टोकापर्यंत, आणि तिच्या दोन्ही काठांनी बारीक रेघ, रस्ता. चार तास आम्ही ज्या रस्त्यावर काठ्या मोजत होतो तो सगळा मला एका नजरेत दिसला, जाणारा पण आणि येणारा पण. मी फोटो काढायला फोन काढला, तेवढ्यात चाकं बाहेर आल्याचा आवाज झाला.

तरी घरच्या दारापासून किर्केनेस गावात पोचेपर्यंतचा वेळ मोजला तर दोन तासाला थोडाच कमी. गाडी, पाऊण तास आधी, विमान, बॅग, तिकडनं गावात चौदा-पंधरा किलोमीटर. म्हणजे रस्त्याच्या अडीच तासांपेक्षा फार वाचतं असं नाही, चांगल्या हवेत. आणि तिसरा मार्ग आहे किनाऱ्यानं फिरणारी हुर्टीग्रुटेनची बोट, ती सकाळी सव्वासातच्या सुमाराला वादसोहून निघते आणि नऊला किर्केनेस, पावणेदोन तास, थेट गावाच्या धक्क्याला. फक्त एकाच दिशेनं, परत जाताना ती वादसोला थांबत नाही, थेट वार्दोला जाते. हे तिकडे जाणाऱ्यांनी नक्की लक्षात ठेवा, जायला आहे म्हणून यायला असेल असं धरू नका.

धाकटीनं शेवटी बोटच घेतली. डॉक्टरांनी लांबच्या बायकांना आधीच येऊन राहा असं सांगितलेलं, म्हणून तारखेच्या दहा दिवस आधी ती, तिचा नवरा आणि आई पहाटे धक्क्यावर गेले. बोट मोठी, पाचसहा मजली, आतमध्ये उबदार, ती सोफ्यावर आडवी पडू शकली. आईनं मला बोटीतनं व्हिडिओ कॉल केला, मागे पाणी धुमसत होतं, ती म्हणाली तर चालू आहे बघ.

मुलगी झाली, मार्चच्या बारा तारखेला, सगळं नीट. चौथ्या दिवशी घरी न्यायचं होतं आणि जावयानं हौसेनं विमानाची तिकिटं काढून ठेवली होती, बाळाचा पहिला विमानप्रवास म्हणून. सकाळी बोर्डवर इन्स्टिल्ट. ते लोक भाड्याची गाडी घेऊन निघाले, सतरा मील, हळूहळू. वारांगेरबोटनच्या पंपावर थांबून धाकटीनं तिला मागच्या सीटवर पाजलं, आईनं शेवटचा डिंकाचा लाडू फोडून अर्धा ड्रायव्हिंग करणाऱ्या जावयाला दिला आणि मला फोटो पाठवला, गाडीची काच वाफेनं पांढरी झालीये आणि तिच्यावर आईनं बोटानं लिहिलंय, चिपळूण.